भिंत बंद व्हायच्या आधी: नव्या घराच्या इंटिरियरची नोंद कशी ठेवायची

ऐरोलीतलं आमचं जुनं बैठं रो हाऊस पाडून आम्ही त्याच जागेवर तळमजला आणि वर एक मजला असं नवीन घर बांधलं. आरसीसी (कॉलम-बीम-स्लॅबचा सांगाडा) चालू होतं तेव्हा फोटो भरपूर काढले. स्लॅब पडला की फोटो, नारळ फोडला की फोटो, पेढे वाटताना कॉन्ट्रॅक्टरसोबत फोटो. त्यातला एकही पुढे उपयोगी पडला नाही. उपयोगी पडले ते नंतरच्या पाच-सहा महिन्यांत, वायरिंग, प्लंबिंग, लाद्या, सिलिंग, सुतारकाम चालू असताना काढलेले कुरूप फोटो, ज्यात माणूस एकही नाही, नुसती विटांची भिंत, त्यात पाइपसाठी मारलेली झिरी (खाच) आणि टेप धरलेला कोणाचा तरी अंगठा.

पहिल्यांदा घर बांधणाऱ्यांसाठी लिहितेय. डिझाईन, रंगसंगती वगैरे सांगणारे भरपूर आहेत, ते त्यांनाच विचारा. मी फक्त नोंद कशी ठेवायची ते सांगते, आणि त्यातही एकच गोष्ट पुन्हा पुन्हा येईल. जे झाकलं जाणार आहे त्याची नोंद आधी. वॉर्डरोबचं दार काय, दहा वर्षांनीही दिसणारच आहे, त्याचा फोटो केव्हाही काढता येईल. प्लास्टरखालचा पाइप परत दिसणार नाही, दिसला तर ती वाईट बातमी असते.

काम सुरू व्हायच्या आधी: नावं ठरवा

आधी खोल्यांना आणि भिंतींना नावं द्या. हास्यास्पद वाटेल, पण "हॉलची ती टीव्हीसमोरची भिंत" हे नाव टीव्हीची जागा बदलली की मेलं. आमच्याकडे दोनदा बदलली. आम्ही असं केलं, खोलीच्या दारात उभं राहून आत तोंड करायचं, डाव्या हाताची भिंत अ, समोरची ब, उजवीकडची क आणि दार ज्या भिंतीत आहे ती ड. तळमजल्याच्या खोल्या १ पासून, वरच्या ११ पासून. म्हणजे "१२-क" म्हटलं की वरच्या मजल्यावरच्या दुसऱ्या खोलीची उजवी भिंत, वाद नाही.

माझे सासरे, अण्णा, कंपनीत स्टोअरला होते, सगळं आयुष्य आवक-जावक लिहिण्यात गेलं. त्यांनी पहिल्याच दिवशी दोनशे पानी वही आणली आणि मोबाईलवर त्यांचा विश्वास नाही हे जाहीर केलं. मी म्हटलं ठीक, तुम्ही वही, मी फोटो. आणि ही जोडी खरंच जमली, कारण फोटोत कारण दिसत नाही. बेसिनचा पॉइंट सहा इंच सरकवला हे फोटोत दिसतं, का सरकवला आणि कोणाच्या सांगण्यावरून हे वहीत असतं.

फोटो काढताना भिंतीवर एक कोरा कागद चिकटवायचा, त्यावर जाड मार्करने भिंतीचं नाव, तारीख आणि काम. "१२-क, वायरिंग". कागद फोटोच्या चौकटीत यायलाच हवा. नंतर फाइलला नाव देऊ असं म्हणाल तर देणार नाही, मी सांगते ना. आणि हे फोटो व्हॉट्सॅपवर एकमेकांना पाठवून तेच जपून ठेवू नका, तिथे फोटो बारीक होतो आणि काढल्याची मूळ माहितीही निघून जाते. पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा आणि मूळ फोटो ड्राइव्हवर एका फोल्डरमध्ये टाका, ज्याचा पासवर्ड घरातल्या किमान दोघांना माहीत आहे.

माप कशापासून घ्यायचं (इथे बहुतेक लोक चुकतात)

आम्हीही चुकलो. पहिल्या दोन खोल्यांचे फोटो काढले तेव्हा टेपचं टोक जमिनीला टेकवून काढले. स्विचबोर्ड जमिनीपासून इतका, पाइप जमिनीपासून इतका, छान वाटलं. अण्णांनी फोटो बघितले आणि विचारलं, "कुठली जमीन?" तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, अजून लादी बसायचीच होती. लादीखालचं बेड आणि लादी मिळून आमच्याकडे जवळजवळ तीन इंच चढले. म्हणजे फोटोतलं माप आणि राहत्या घरातलं माप यात तीन इंचांचा फरक, आणि पुढे ड्रिल मारताना पाइपला भोक पडायला तीन इंच पुष्कळ होतात.

त्यामुळे गवंड्याकडून लेव्हलची रेघ आधी मारून घ्या. पाण्याची पारदर्शक नळी घेऊन दोघं जण सगळ्या घरभर फिरतात आणि तयार फरशी जिथे येणार तिथून बरोबर १ मीटरवर खुणा करतात, मग दोरी मारून रेघ ओढतात. आजकाल लेझर असतो पण नळी काही खोटं बोलत नाही. सगळी उभी मापं या रेघेपासून, "रेघेच्या वर ४० सेंटीमीटर", "रेघेच्या खाली ७०". प्लास्टर झालं की रेघ झाकली जाते, म्हणून तिची खूण दरवाजाच्या चौकटीवर खिळ्याने ओरखडून ठेवायची आणि प्लास्टरनंतर तिथूनच परत उचलायची.

आडव्या मापाचंही तेच. कोपऱ्यापासून घेतलं तर दोन्ही भिंतींना प्लास्टर लागल्यावर कोपराच पुढे येतो. आमच्या घरी आतलं प्लास्टर साधारण अर्धा इंच, एका ठिकाणी भिंत ओळंब्यात नव्हती म्हणून तिथे इंचाच्या वर गेलं. चौकट एकदा बसली की हलत नाही, म्हणून शक्य तिथे चौकटीच्या कडेपासून माप घ्या. चौकट नसेल त्या भिंतीवर कोपऱ्यापासूनच घ्यावं लागतं, मग वहीत "विटेपासून" असं स्पष्ट लिहा.

फोटो भिंतीसमोर सरळ उभं राहून, मोबाईल भिंतीच्या मध्यावर धरून. तिरका काढला की मापाला अर्थ उरत नाही. पॅनोरामा नको, त्यात भिंत वाकते. आधी अख्खी भिंत, मग जवळून टेपसकट, टेपचे आकडे वाचता आले पाहिजेत. शेवटी एक व्हिडिओ, सावकाश फिरत, मराठीत बोलत, "ही दोन नंबरची खोली, इथून एसीची लाइन वर जाते". स्वतःचा आवाज ऐकून लाज वाटेल, असू दे.

वायरिंग

तीन वेळा फोटो. खडूने पॉइंट मार्क केले तेव्हा, झिरीत पाइप बसवला तेव्हा, आणि बॉक्समध्ये वायर ओढली तेव्हा. पहिला फोटो भांडणासाठी, दुसरा ड्रिलसाठी, तिसरा वायरमनच्या बिलासाठी, कारण वायरमनचा हिशोब पॉइंटवर असतो आणि शेवटी त्याचा आकडा आणि तुमचा आकडा कधीच जुळत नाही. एका बोर्डवर पाच स्विच असतील तर तो एक पॉइंट की पाच, हे काम सुरू व्हायच्या आधी लिहून घ्या.

वायरच्या खोक्यावरचं लेबल उघडायच्या आधी टिपा. घरगुती वायरला आयएस ६९४ आणि आयएसआयच्या खुणेखाली सीएम/एलने सुरू होणारा लायसन्स नंबर असतो, तो बीआयएस केअर नावाच्या ॲपमध्ये टाकून बघता येतो. किती स्क्वेअर एमएमची वायर कुठे गेली ते वहीत. आमच्याकडे लाइट-पंख्याला १.५, साध्या पॉवर पॉइंटला २.५, गिझर आणि एसीला ४. कॉइल ९० मीटरची येते, किती कॉइल आल्या आणि किती रिकामी रिळं राहिली हे अण्णा रोज संध्याकाळी मोजायचे, वायरमनला राग यायचा, पण वायर कमी नाही पडली.

डीबी (सगळ्या वायरी जिथे येतात तो मुख्य बोर्ड) बसली की त्यातला प्रत्येक एमसीबी (सुरक्षा स्विच) एकेक करून पाडून बघा कुठलं काय बंद होतं, आणि तो तक्ता डीबीच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. हे काम वायरमनवर सोडलं तर तो "लाइट १, लाइट २, लाइट ३" असं लिहून जातो. आरसीसीबीचं (करंट गळला की लाइन तोडणाऱ्या स्विचचं) टेस्ट बटण त्याच्यासमोर दाबून घ्या आणि तारीख लिहा.

प्लंबिंग आणि वॉटरप्रूफिंग

इथे हात आखडू नका. एका बाथरूमचे माझ्याकडे साठ-सत्तर फोटो आहेत आणि मला एकही जास्त वाटत नाही.

गरम-गार लाइन भिंतीत बसली की झिरी बुजवायच्या आधी प्रेशर टेस्ट मागा. प्लंबर सगळी तोंडं प्लगने बंद करून हातपंपाने पाणी दाबतो आणि काटा बघतो. संध्याकाळी काट्याचा फोटो, रात्रभर तसंच ठेवायचं, सकाळी परत काट्याचा फोटो. आमच्या वरच्या बाथरूममध्ये सकाळी काटा खाली आलेला. प्लंबर म्हणाला, "मॅडम, गेज पुराना है." अण्णांनी काही न बोलता टॉर्च घेतला आणि प्रत्येक जोडावर बोट फिरवत गेले, डायव्हर्टरच्या (गरम-गार पाण्याच्या नळाच्या) मागच्या एल्बोवर (वळणाच्या जोडावर) बोट ओलं झालं. पाइप जोडायचं सोल्यूशन नीट लागलं नव्हतं. प्लास्टर आणि लादी झाल्यावर तो थेंब कळला असता तर खालच्या हॉलच्या सिलिंगवर पिवळा डाग बनूनच कळला असता.

वॉटरप्रूफिंगचा क्रम नोंदवा. कोरा संक (बाथरूमचा खोलगट स्लॅब), कोपऱ्यांची गोलाई, कोटिंगचा पहिला हात, दुसरा हात, मग पाणी भरलेलं, मग कोबा (विटांचे तुकडे आणि सिमेंटचा भराव). प्रत्येक हाताच्या रिकाम्या डब्याचा फोटो, बॅच नंबर आणि एक्स्पायरीसकट. पाणी भरलं की पातळीवर भिंतीला पेन्सिलची रेघ आणि वेळ. आम्ही तीन दिवस ठेवलं. उन्हाळ्यात पाणी थोडं उडतं, म्हणून शेजारी एका बादलीतही पाणी ठेवून तिलाही रेघ मारली, दोन्हीकडे सारखंच उतरलं तर हवेत गेलं, संकमध्ये जास्त उतरलं तर स्लॅबमध्ये गेलं. आणि खालच्या मजल्यावरून स्लॅबच्या पोटाचा फोटो रोज एक. हे विसरतात सगळे.

नहाणी ट्रॅप (फरशीतलं पाणी जाण्याचं तोंड), कमोडचं आउटलेट, स्टॉप कॉक (पाणी बंद करायची चावी) यांची मापं दोन भिंतींपासून. पुढे चोकअप झालं की प्लंबर पहिला प्रश्न विचारतो तो लाइन कुठून गेलीय हाच.

लाद्या

खोक्यावरचा बॅच आणि शेड नंबर. एकाच डिझाईनची लादी दोन बॅचमध्ये किंचित वेगळी निघते आणि दुकानात ट्यूबलाइटखाली कळत नाही, घरी खिडकीच्या उजेडात कळते. सगळी खोकी एका रांगेत लावून लेबलांचा फोटो, मगच उघडायची. प्रत्येक डिझाईनचं एक खोकं जास्तीचं ठेवा आणि ते कुठे ठेवलंय हेही लिहा (आमचं जिन्याखाली). बसल्यावर दोन-तीन दिवसांनी नाण्याने ठोकत फिरा, पोकळ आवाज आला तिथे खडूची फुली आणि फोटो. ग्राऊटचा रंग आणि कंपनी लिहून ठेवा.

सिलिंग बंद होण्याआधीचा एक दिवस

फॉल्स सिलिंगची जीआयची (जस्त चढवलेल्या लोखंडाची) फ्रेम झाली आणि बोर्ड अजून चढायचाय, हा एक दिवस मिळतो. कारागिरांना घाई असते, "आज बंद करते हैं" म्हणतात. तुम्ही सुट्टी घ्या, घरच्या कोणाला तरी पाठवा, काहीही करा, पण फोटोशिवाय बोर्ड चढू देऊ नका. वर बघून काढायचे फोटो, त्यामुळे दिशा कळत नाही, म्हणून प्रत्येक फोटोत खिडकीचा किंवा दाराचा वरचा कोपरा येऊ द्या. पंख्याचे हुक, फ्रेम कुठे लटकवली, लाइटच्या वायरी, एसीचा तांब्याचा पाइप. एसीच्या पाण्याच्या पाइपला उतार आहे का ते लेव्हल पट्टी लावून बघा आणि पट्टीतला बुडबुडा दिसेल असा फोटो काढा. एक बाटलीभर पाणी ओतून बाहेर येतं का बघा.

सुतारकाम

प्लायचा टेम्पो आला की शीट उतरवतानाच शिक्का बघायचा. सर्वसाधारण वापराचा प्लाय आयएस ३०३, मरीन आयएस ७१०. किचनचा ओटा आणि बाथरूमच्या व्हॅनिटीला आम्ही ७१० सांगितला होता आणि बिलावर तसं लिहूनही होतं. टेम्पोतल्या शीटवर शिक्के बघत गेलो तर दोन शीटवर ३०३ निघाला. दुकानदाराला फोटो पाठवला, त्याने पोऱ्याची चूक म्हणून बदलून दिले, कदाचित खरंच चूक असेल. पण शीट कापून वर सनमायका चिकटल्यावर ३०३ आणि ७१० मधला फरक सुतारालाही सांगता येत नाही, तो ओटा ओला व्हायला लागल्यावर दोन पावसाळ्यांनी कळतो. म्हणून कापायच्या आधी प्रत्येक शीटच्या शिक्क्याचा फोटो आणि कडेवरून जाडी.

एक शीट आठ बाय चारची, ३२ स्क्वेअर फूट. किती आल्या, किती कुठल्या कपाटात गेल्या, किती तुकडे उरले हे वहीत. सुताराचा रेट स्क्वेअर फुटावर असेल तर समोरून मोजायचं की आतले कप्पेही धरायचे हे आधीच ठरवा, लिहा, त्याची सही घ्या. आमचा सुतार भला माणूस होता तरीही या एका मुद्द्यावर आम्ही पाऊण तास ओट्यावर बसून वाद घातला, चहा दोनदा झाला.

सनमायकाच्या मागे कोड छापलेला असतो, चिकटवल्यावर गेला, म्हणून आधी टिपा. बिजागऱ्या आणि चॅनेलची खोकी फेकू नका, एकेक खोकं ठेवा, तीन वर्षांनी एक बिजागरी गेली की तेच मॉडेल शोधायला ते लागतं.

रंग

डब्याच्या झाकणावर मशीनने लावलेला स्टिकर असतो, त्यावर शेडचा कोड, बेस आणि तारीख. त्याचा फोटो, आणि अर्धा लिटर रंग बरणीत. प्लास्टर कधी झालं, पाणी मारणं कधी थांबलं, पुट्टी कधी लावली या तारखा रंगाच्या पानावर लिहा. आमच्याकडे खाडी जवळ, जुलैत भिंती सुकतच नाहीत, ओल्या प्लास्टरवर पुट्टी मारली की पुढे पापुद्रे निघतात आणि मग पेंटर गवंड्याला आणि गवंडी पेंटरला दोष देतो. तारखा असल्या की बोलणं पटकन संपतं.

कागद आणि पैसे

दुकानातलं गुळगुळीत कागदाचं बिल वर्षभरात पांढरं होतं, त्याच दिवशी स्कॅन करा. यूपीआयने पैसे देताना शेऱ्यात "सुतार दुसरा हप्ता, किचन" असं लिहा, नुसतं "पेमेंट" नाही. पक्की बिलं जपाच, पुढे कधी घर विकायची वेळ आली तर बांधकामावर आणि सुधारणेवर किती खर्च झाला हे दाखवायला सीए तीच मागतो, सोफा-पडद्यांची बिलं त्यात मिसळू नका.

तोंडी ठरलेलं त्याच संध्याकाळी मेसेजवर टाकायचं. मी रोज "आज ठरलं:" असं सुरू करून दोन-तीन ओळी कॉन्ट्रॅक्टरला पाठवायची. "आज ठरलं: किचनची खिडकी चार इंच वर, जास्तीचे पैसे नाहीत." त्याने अंगठा दाखवला की झालं. सुरुवातीला त्याला हा अविश्वास वाटला, पण महिनाभराने तोच विचारायला लागला, मॅडम तो मेसेज बघा ना, त्या ग्रीलचं काय ठरलं होतं. शेवटच्या दहा टक्के पैशांना हात लावू नका जोवर राहिलेल्या कामांची यादी संपत नाही. ती यादी दोघांनी मिळून फिरत करायची, भिंतीवर कागदी टेपचे तुकडे नंबर टाकून लावायचे, तेच नंबर यादीत.

राहायला गेल्यावर

सगळ्याची एक जाड फाइल. पहिल्या पानावर घराचा साधा नकाशा, त्यात मेन व्हॉल्व्ह, प्रत्येक बाथरूमचा स्टॉप कॉक, डीबी आणि टाकीची लाइन लाल पेनने. मग भिंतीच्या क्रमाने फोटोंच्या प्रिंट, साध्या कागदावर, रंगीत छापायची गरज नाही. फाइल घरातच हवी, कारण फिल्टरवाला किंवा चिमणीवाला येतो तेव्हा तुम्ही ऑफिसात असता.

आमच्याकडे आरओ फिल्टर लावायला माणूस आला तेव्हा मी ऑफिसातच होते. त्याने सिंकच्या वर ड्रिल टेकवलं, अण्णा म्हणाले, थांबा. फाइल काढली, किचनची ब भिंत, खिडकीच्या चौकटीपासून ३५ सेंटीमीटरवर उभी पाण्याची लाइन, टेपसकट. ड्रिल नेमकं तिथेच होतं. मग फिल्टर बारा सेंटीमीटर डावीकडे लागला, थोडा वाकडा दिसतो, चालतं.

एका भिंतीचा मात्र फोटोच नाही. जिन्याची. दिवाळीच्या आत घर द्यायचं म्हणून शेवटचे पंधरा दिवस सगळेच धावत होते, मी ऑफिसात, अण्णा बँकेत, आणि त्या दुपारी गवंड्याने त्या भिंतीला प्लास्टर मारून टाकलं. वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी तिथे आरसा लावायला नवऱ्याने ड्रिल मारलं आणि टाकीकडून येणाऱ्या लाइनचं पाणी थेट त्याच्या शर्टावर. मेन व्हॉल्व्ह कुठे हे माहीत होतं म्हणून दोन मिनिटांत बंद झालं, पण फूटभर प्लास्टर फोडावं लागलं आणि भटजी आले तेव्हा तो तुकडा ओलाच होता. फोडल्यावर दिसला तेवढ्या भागाचा मी टेप धरून फोटो काढला, बाकीची भिंत अजून अंधारात आहे. तिथे आता कोणी खिळा मारत नाही, कालनिर्णय दुहेरी टेपवर लावलंय आणि दर पावसाळ्यात ते एकदा खाली पडतं.